हिनेराऊच्या अंगणातली हाक

मांगाहुईच्या खोऱ्यात शाळेची बस चालवणाऱ्या काराराइना हाएरेवा हिला आवाज नाही, असे कोणीही म्हटले नसते. खालच्या पुलापाशी तिने मागच्या बाकावरच्या मुलांना दम भरला, तर नदीपलीकडच्या कुरणातली मेंढरे चरणे थांबवून माना वर करीत. तरीही मराएवर, म्हणजे माओरी वस्तीच्या सभास्थानी, पाहुणे येणार असे कळले, की हीच बाई मुकाट्याने ॲप्रन बांधून स्वयंपाकघरात शिरे, आणि पाहुणे अंगण ओलांडून हिनेराऊच्या ओसरीपाशी स्थिरस्थावर होईपर्यंत काही केल्या बाहेर येत नसे.

हिनेराऊ हे खोऱ्याच्या सभागृहाचे नाव, आणि ज्या पूर्वजमातेवरून ते पडले तिचेही. कोणत्याही पाहुण्याने तिच्या अंगणात आपण होऊन पाय टाकायचा नसतो. त्याने फाटकापाशी थांबायचे. यजमानांकडच्या वडीलधाऱ्या बाईने ओसरीपुढे उभे राहून कारंगा, म्हणजे लांब सुराची हाक, द्यायची. पाहुण्यांतल्या बाईने तिला उत्तर द्यायचे. आणि त्या दोन आवाजांच्या आधाराने सर्वांनी सावकाश पुढे यायचे. पुरुषांची भाषणे, नाकाला नाक लावून घेतलेला श्वास, जेवण, हे सारे त्यानंतर. हाक देणारी बाई नसेल, तर राजा आला तरी त्याने फाटकाशीच उभे राहावे, हा नियम.

काराराइनाने ती हाक आयुष्यात एकदाच दिली होती, आणि तिचा परिणाम खोरे अद्याप विसरले नव्हते. पंचविशीत शिरलेल्या एका भाच्याचे लग्न होते. नेहमी हाक देणाऱ्या, साऱ्या खोऱ्याची आजी असलेल्या नॅनी मिहिरोआचा घसा सर्दीने बसला होता, आणि आयत्या वेळी काराराइनाला पुढे ढकलण्यात आले. तिच्या आईला लहानपणी शाळेत माओरी बोलल्याबद्दल छड्या मिळाल्या होत्या. त्यामुळे आईने लेकरांच्या कानावर ती भाषा पडूच दिली नव्हती. काराराइनाला जे काही तोंडपाठ होते, ते मृतांच्या निरोपाला जमलेल्या बायकांच्या मागे उभे राहून कानात साठलेले. तिने डोळे मिटले आणि तेच म्हटले: या, तुमच्या गेलेल्यांना घेऊन या, आमचे गेलेले वाट पाहत आहेत, रडत या.

नवरीकडची मंडळी केक आणि गिटारी घेऊन आली होती. गेलेल्यांची आठवण प्रत्येक हाकेत असतेच. पण हिच्या हाकेत दुसरे काहीच नव्हते. म्हाताऱ्यांनी शब्द प्रमाण मानून हंबरडा फोडला. नवरीची आजी डोळ्यांना पदर लावावा तशी शाल लावून ओसरीपर्यंत आली आणि तिने घाबरून विचारले, "कोण गं गेलं? नवरा मुलगा तर नाही ना?"

नवरा मुलगा तेव्हा मागे उभा राहून कोटाचे बटण लावत होता.

तेव्हापासून काराराइनाने स्वयंपाकघर जवळ केले. सभागृहात भाषणे करणारा तिचा चुलतभाऊ हामुएरा कोणत्याही लग्नाची बोलणी निघाली की म्हणायचा, "कारा, तू यायचं, पण तोंड बंद ठेवून. आम्हाला नवरा जिवंत हवाय." ती हसायची, त्याच्या ताटात वामीचा काटेरी शेपटाकडचा तुकडा वाढायची, आणि विषय तिथेच संपायचा.

या एका माघारीखेरीज मात्र ती कशापासून मागे हटल्याचे कोणाला आठवत नाही. वादळात नदीने रस्ता खाल्ला आणि तारा तोडल्या, त्यानंतर शाळेने सगळा गृहपाठ इंटरनेटवर टाकायला सुरुवात केली. खोऱ्यातल्या घरांत फोनला रेंज नव्हती. ती मिळे फक्त टेकडीवरच्या वळणावर, आणि वळणाला लागून दफनभूमी. एका दुपारी काराराइनाने मुलांना घरोघर न सोडता बस थेट त्या वळणावर नेऊन उभी केली आणि सांगितले, "उघडा रे फोन. पाऊण तास. गणितं झाल्याशिवाय चाक हलणार नाही."

हामुएरा दुसऱ्याच दिवशी टेकडी चढून आला.

"अगं, आपल्या माणसांच्या उशाशी पोरं मोबाइल घेऊन बसवतेस? लाज आहे का?"

"तुझा बाप तिसऱ्या रांगेत आहे," काराराइना म्हणाली. "जन्मभर म्हणायचा, पोरांनो शिका. आता ऐकू दे त्याला पाढे."

"आणि खाणं? इथे खायचं नसतं, ठाऊक आहे ना?"

"कोणी खात नाहीये. विचार त्यांना, किती भूक लागलीये."

खरोखरच त्या जागेजवळ अन्नाला हात लावायचा नाही हा दंडक तिने कसोशीने पाळला. बसच्या पायरीशी पाण्याचा कॅन असे. निघताना प्रत्येकाने हात धुवायचे, डोक्यावर चार थेंब शिंपडायचे. मग बस पुलाखाली यायची आणि तिथे तिच्या डब्यातले तळलेले पाव व गुळचट सरबत निघायचे. भुकेच्या धाकाने मुलांची गणिते इतक्या झपाट्याने सुटू लागली, की शाळेच्या बाईंनी नक्कल होत असल्याचा संशय घेतला. हळूहळू मुलांबरोबर त्यांच्या आयाही बसमध्ये येऊन बसू लागल्या. कोणाला अर्ज भरायचा असे, कोणाला दूरच्या लेकीचे तोंड पाहायचे असे. काराराइना स्वतः चालकाच्या आसनावर बसून, पन्नाशीच्या घरात, फोनवरच्या धड्यांतून माओरी शिकू लागली. चुकलेल्या शब्दाला मागच्या बाकावरून एखादे चिमुरडे हसले, की ती म्हणे, "हस बाबा. तुझ्या आजीला छडी मिळाली, मला हसू मिळतंय. सुधारणाच आहे."

पुढे जमातीच्या कार्यालयाने मराएच्या भोजनगृहावर इंटरनेटची तबकडी बसवून दिली आणि बसमधला वर्ग खाली उतरला. काराराइनाच्या बहिणीचा मुलगा तावेरा ऑकलंडमधली संगणकाची नोकरी सोडून परत आला होता. त्याने जुने लॅपटॉप दुरुस्त करून लांब टेबलांवर मांडले. आज त्या भोजनगृहात कोणत्याही वारी गेले, तरी काहीतरी चाललेले असते. मुले उडते कॅमेरे नदीवर सोडून वामी धरण्याच्या जुन्या बांधांच्या जागा शोधतात, आणि प्रत्येक वळणाचे नाव एखाद्या म्हाताऱ्याच्या तोंडून वदवून नकाशात बसवतात. परिचारिका येते ती रक्तदाब मोजायला. पण मेंढ्यांची लोकर कापून कंबर गेलेले पुरुष तिच्यासमोर एकेकटे बसायला लाजतात, हे ओळखून काराराइनाने त्यांच्यासाठी रताळी सोलण्याचे काम काढले. हातात सुरी आणि समोर टोपले असले, की ती माणसे बोलू लागतात, आणि परिचारिकेने दंडाला पट्टा कधी गुंडाळला हे त्यांना कळत नाही. "रताळी कमी आणि दुखणीच जास्त सोलली गेली आज," असे काराराइना संध्याकाळी म्हणे, आणि तिच्या चेहऱ्यावर समाधान दिसे.

याच काळात नॅनी मिहिरोआच्या हाकांचे ध्वनिमुद्रण झाले. सभागृहाच्या कोपऱ्यात घोंगड्या टांगून तावेराने यंत्र मांडले. लग्नाची हाक, मुलांच्या स्वागताची हाक, सणाची हाक, अशा वेगवेगळ्या हाका नॅनीने दिल्या. शोकाची मात्र दिली नाही. कोणी गेलेले नसताना ती देणे तिला अशुभ वाटले. उठताना तिने एक अट घातली.

"शिकायला ऐका. फाटकात माणूस उभं असताना मात्र हे वाजवायचं नाही."

"का गं नॅनी? आवाज तर तुझाच आहे," तावेरा म्हणाला.

"आवाज माझा आहे. कान कुठे आहेत त्याला? समोरची बाई काय उत्तर देते, ते कोण ऐकणार? तुझा डबा?"

त्यानंतरच्या हिवाळ्यात नॅनीच्या घशात गाठ निघाली. शहरातल्या डॉक्टरांनी तिचा जीव वाचवला, पण आवाज वाचला नाही. ती परतली ती गळ्याभोवती रुमाल आणि मांडीवर टॅबलेट घेऊन. भोजनगृहाच्या वर्गात शिकलेले टंकलेखन असे कामी आले: नॅनी टाइप करी आणि यंत्र एका परक्या तरुणीच्या सपाट स्वरात ते बोलून दाखवी. माओरी शब्दांची ती तरुणी अशी मोडतोड करी, की हामुएरा म्हणे, "ही बया कुठल्या जहाजातून उतरली?" त्यावर नॅनी टाइप करी, "गप्प बस हामुएरा," आणि यंत्र त्याचे नाव असे काही उच्चारी की सारे भोजनगृह हसून लोटपोट होई.

हसण्याआड एक प्रश्न मात्र सर्वांनाच टोचत होता. हिनेराऊच्या अंगणात आता हाक कोण देणार? वयाने आणि नात्याने पाळी काराराइनाची होती. कोणी तोंडाने तसे म्हणाले नाही. नॅनीने तर टाइपही केले नाही. ती फक्त काराराइनाकडे पाही, आणि काराराइना भांडी घासायला उठे.

अशात उत्तरेकडच्या एका बंदराकाठच्या मंडळींचा निरोप आला. मांगाहुईची शाळा, नकाशे आणि रताळी सोलणारे पुरुष यांविषयी त्यांनी ऐकले होते, आणि आपल्या मराएवरही असे काही सुरू करावे म्हणून ते पाहायला येणार होते. सारे खोरे कामाला लागले. हाकेसाठी शेजारच्या खोऱ्यातल्या एका जाणत्या बाईला विनंती झाली आणि तिने होकार दिला. काराराइनाने सुटकेचा निःश्वास सोडला व भोपळ्यांची संख्या वाढवली.

पाहुण्यांच्या दिवशी सकाळी त्या बाईचा फोन आला. तिच्या मराएवर एक मृतदेह यायचा होता. मृताच्या निरोपापुढे बाकी सगळी कामे मागे पडतात, याबद्दल कोणाचीच तक्रार असू शकत नव्हती. फोन ठेवून हामुएरा भोजनगृहाच्या दारात उभा राहिला. आज त्याने थट्टा केली नाही.

"कारा."

"नाही."

"मी काही म्हटलंच नाही अजून."

"मग म्हणू नकोस. ऐंशी माणसांचं जेवण आहे माझ्या डोक्यावर."

"जेवण कोणाला घालणार? फाटकाबाहेर?"

ती बटाट्यांच्या पातेल्यात चमचा फिरवत राहिली. तेव्हा तावेरा हळूच म्हणाला, "आंटी, नॅनीचं रेकॉर्डिंग आहे. स्वागताची हाक अगदी स्वच्छ आहे. ओसरीच्या बाकाखाली स्पीकर ठेवतो. लांबून कोणाला कळणारही नाही."

हामुएराने जमिनीकडे पाहिले. काराराइनाला नॅनीची अट शब्द न् शब्द आठवत होती. तरीही तिच्या तोंडून 'नको' निघाले नाही. आपल्याच हाताने वाढवलेल्या वर्गातून, आपल्याच भाच्याच्या कौशल्यातून आपली सुटका होत आहे, असे तिला क्षणभर वाटले. आणि ते वाटणे लपवण्यासाठी ती पाठमोरी झाली. "तुम्हाला काय करायचं ते करा," ती म्हणाली. तावेराने त्यातून जो अर्थ घ्यायचा तो घेतला.

पाहुण्यांच्या गाड्या ठरल्या वेळेआधीच आल्या. स्वयंपाकघराच्या खिडकीतून फाटक सरळ दिसते. काराराइनाने हात पुसत बाहेर पाहिले. काळ्या पोशाखातल्या बायका पुढे, पुरुष मागे, अशी रांग लागत होती. सर्वांत पुढे उभ्या असलेल्या वृद्धेने छातीशी काहीतरी धरले होते. तिने ते सरळ केले, तेव्हा काचेवर ऊन चमकले. चौकट होती. फोटो होता. डोक्याभोवती शोकाचे, हिरव्या पानांचे वेढे घातलेल्या त्या बायका नुसत्या भेटीला आल्या नव्हत्या. त्या आपला गेलेला माणूस बरोबर घेऊन आल्या होत्या.

आणि बाकाखालच्या स्पीकरमध्ये आनंदाची हाक भरलेली होती.

आपण लग्नात शोक आणला होता, आता शोकात लग्न वाजणार, एवढे एकच वाक्य तिच्या मनात उभे राहिले. ॲप्रन अंगावर ठेवून अंगणात जाता येत नाही; अन्नाची वस्तू तिथे चालत नाही. तिने धावता धावता गाठ ओढली, ॲप्रन मागे भिरकावला, आणि रबरी बुटांनिशीच ती सभागृहाला वळसा घालून ओसरीपुढे आली. तावेरा लॅपटॉपवर वाकला होता. त्याची नजर फाटकाकडे नव्हतीच. स्पीकरमधून नॅनीचा श्वास घेतल्याचा आवाज आला, हाकेच्या आधीचा, खोल आणि ओला. पुढचा सूर निघण्याआधी काराराइनाने वायर उपटली.

"आंटी!"

"फोटो आहे त्यांच्याजवळ. बंद कर ते."

 फाटकातल्या वृद्धेने उचललेले पाऊल पुन्हा खाली ठेवले. परिचारिकेच्या गाडीतून नुकतीच उतरलेली नॅनी मिहिरोआ बाजूच्या वाटेने काठी टेकत आली. आपलाच श्वास यंत्रातून निघालेला तिने ऐकला होता. तिने काराराइनाला नखशिखान्त न्याहाळले, स्वतःच्या खांद्यावरची काळी शाल काढून तिच्या खांद्यावर टाकली आणि तिच्या पाठीवर, दोन खांद्यांच्या मधोमध, तळहात ठेवला.

काराराइनाने या वेळी डोळे मिटले नाहीत. तिने फोटोकडे पाहिले आणि हाक दिली. शब्द तेच निघाले, जे एका लग्नात चुकले होते: या, तुमच्या गेलेल्यांना घेऊन या, आमचे गेलेले वाट पाहत आहेत, रडत या. पहिला सूर मध्यावर फाटला. पाठीवरचा हात हलला नाही. दुसरा सूर अंगण ओलांडून फाटकापर्यंत गेला, आणि नदीपलीकडच्या मेंढरांनी नेहमीप्रमाणे माना वर केल्या असाव्यात.

फाटकातून उत्तर आले. वृद्धेचा आवाज उंच आणि थकलेला होता. हा एरुएरा, ती सुरात सांगत होती. मुलांना शिकवणारा आमचा एरुएरा. तुमचे काम पाहायला यायचे त्यानेच ठरवले होते, आणि ठरवून तो वाटेला लागला, पण वाट दुसरीच निघाली.

पुढचे शब्द काराराइनाला कोणाच्या मागे उभे राहून मिळालेले नव्हते. तिला ऐकू आले होते, तेवढ्यावरच तिला बोलायचे होते. बसमध्ये, चिमुरड्यांच्या हसण्यातून शिकलेली भाषा तिच्या तोंडी आली, साधी आणि थोडी ओबडधोबड: ये एरुएरा, ज्या मुलांसाठी निघालास ती इथेच आहेत, तुझ्या माणसांच्या हातावर बसून ये, टेकडीवरच्या आमच्या लोकांनी पाढे ऐकलेत, ते तुला जागा देतील, ये.

रांग हलली. बायका रडत, पावलापावलाने ओसरीपाशी आल्या. हामुएराने भाषणासाठी उठताना आधी नाक शिंकरले. तावेरा वायर हातात धरून खांबाला टेकून उभा होता. ती खाली ठेवायचे भान त्याला राहिले नव्हते.

जेवणाच्या वेळी काराराइना पुन्हा ॲप्रन बांधून वाढत होती. फोटो घेऊन आलेली वृद्धा, आकेनेही हे तिचे नाव, भोपळ्याचा तुकडा काट्याने मोडत म्हणाली, "किती वर्षं हाक देता हो तुम्ही?"

"दोनदाच दिलीये," काराराइना म्हणाली. "पहिली मोजत नाहीत."

"मोजतो की!" पलीकडून हामुएरा ओरडला. "नवरा अजून दचकून उठतो रात्री!"

लग्नाची हकीकत सांगितली गेली, आणि आकेनेही इतकी हसली की तिला पाणी द्यावे लागले. हसून झाल्यावर तिने काराराइनाचा हात धरला. "ऐक गं बाई. एरुएराला जाऊन महिना झाला. वाटेत दोन मराएवर थांबलो. त्याच्याशी बोलणारी पहिली तूच. बाकीच्या आमच्याशीच बोलल्या."

काराराइनाने मोकळ्या हाताने पळी उचलली. तिने आणखी भोपळा वाढला.

नॅनी मिहिरोआ टेबलाच्या टोकाला टॅबलेटवर बोट चालवत होती. सर्वजण थांबले. ती कौतुक करणार, अशी बहुतेकांची अपेक्षा असावी. यंत्रातली परकी तरुणी सपाट स्वरात म्हणाली, "पुढच्या वेळी बूट काढ."

काराराइनाने खाली आपल्या चिखलाळलेल्या रबरी बुटांकडे पाहिले, मग नॅनीकडे. भांडी घासायला मात्र ती या खेपेस उठली नाही.

उत्तरेकडच्या मंडळींचे भोजनगृह आता सुरू झाले आहे. तावेरा अधूनमधून तिकडे जाऊन त्यांचे लॅपटॉप नीट करून येतो. नॅनीच्या हाका यंत्रात जपून ठेवलेल्या आहेत आणि शिकणाऱ्यांनाच ऐकवल्या जातात. शुक्रवारी, शाळेची मुले घरी पोचली, की मांगाहुईची बस पुन्हा टेकडी चढते, रेंजची गरज उरली नसली तरी. मुलांच्या अरुंद बाकांवर गुडघे दुमडून त्यांच्या आया बसलेल्या असतात. केस पांढरे व्हायला लागलेल्या, घसा खाकरणाऱ्या, एकमेकींना कोपरांनी ढोसणाऱ्या. काराराइना बस वळणावर उभी करते, इंजिन बंद करते आणि एकेकीला खाली उतरून दफनभूमीकडे तोंड करून उभे राहायला सांगते.

"इथेच कशाला गं, कारा?" एकीने पहिल्या दिवशी विचारले होते. "खालच्या हॉलमध्ये शिकलो असतो की."

"खाली हामुएरा आहे," काराराइना म्हणाली. "हे कोणी हसत नाहीत. घे श्वास. आणि म्हणून झाल्यावर लगेच गाडीकडे पळू नकोस. थोडं थांब, ऐक."

बाई हाक देते. सूर फाटतो, पुन्हा जुळतो, खोऱ्यात उतरतो. सर्वजणी थांबून ऐकतात. मग त्या पायरीशी ठेवलेल्या कॅनमधून पाणी घेतात, हात धुतात, डोक्यावर चार थेंब शिंपडतात, आणि तळलेले पाव खायला बस पुलाखाली निघते.